मागचं दार कुणाचं?

मोठ्या सिस्टरांनी गाडी घेतली ही बातमी हॉस्पिटलात वाऱ्यासारखी पसरली. उभा जन्म बसच्या रांगेत काढलेली बाई. पन्नाशी उलटल्यावर त्या गाडी चालवायला शिकू लागल्या, तेव्हा वॉर्डबॉयपासून सर्जनपर्यंत सगळ्यांनी हौसेनं थट्टा करून घेतली होती. सिस्टरांनी ती कानाआड केली. सर्जिकल वॉर्ड वर्षानुवर्षं सांभाळलेल्या माणसाला थट्टेचं काय मोठं!

घरी नवरा. भूगोल शिकवून निवृत्त झालेला, म्हणून आख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणे. जगातल्या सगळ्या नद्या पाठ, पण स्टिअरिंगला हात लावायची छाती नाही. "मी शेजारी बसेन," ते म्हणाले होते, "आणि वळण आलं की डोळे मिटून घेईन."

गाडी मोरपंखी रंगाची. तो रंग सिस्टरांनी कॅटलॉगमध्ये पाहिला आणि बाकीची पानं उलटलीच नाहीत. डिलिव्हरीच्या संध्याकाळी शोरूममध्ये दिव्यांचा नुसता झगमगाट होता. गाडीवर साटीनचं कापड होतं. विक्रेत्यानं ते जादूगारासारखं ओढलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो झाला. हा विक्रेता तिशीतला, सतत दात दाखवणारा. सिस्टरांनी पहिल्याच दिवशी मनात त्याचं नाव 'हसरा' ठेवलं होतं. पक्कं लायसन्स मिळालं होतं, तरी निघण्यापूर्वी त्यांनी पर्समधून शिकाऊ चालकाचा, अक्षराच्या आकारात कापलेला लाल 'एल' काढला आणि डिकीच्या दारावर स्वतःच्या हातानं चिकटवला. नीट, सुरकुती न पडू देता, जखमेवर पट्टी लावावी तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ ऊन पडलं होतं. सिस्टर मऊ फडकं घेऊन गाडी पुसायला खाली उतरल्या. बॉनेट आरशासारखं. बाजूची दारं आरशासारखी. मागच्या दारावर मात्र फडकं अडखळलं. त्यांनी तळहात फिरवला. बारीक बारीक पुरळ. गोवर उठायच्या आधी पोराच्या पाठीवर हात लागतो, अगदी तसं. मागे सरकून पाहिलं तर रंगही जरा वेगळा. बाकीच्या गाडीपेक्षा किंचित मळका, जणू त्या एका दारावरच ढगाची सावली पडली होती. खालच्या कडेला तर रंगाचा एक ओघळ चक्क सुकून बसला होता.

"अहो, खाली या जरा!"

मास्तर आले. चष्मा वर-खाली केला. "मला तर सगळी निळीच दिसते."

"मोरपंखी."

"तेच ते. अगं, चालते ना नीट? मग जाऊ दे."

'जाऊ दे' हे मास्तरांचं सगळ्यावरचं औषध. दूधवाल्यानं पाणी घातलं, जाऊ दे. शेजाऱ्यानं जिन्यात चपलांचा ढीग मांडला, जाऊ दे. सिस्टरांनी इतकी वर्षं हे औषध मुकाट्यानं गिळलं होतं. पण ही गाडी त्यांनी स्वतः घेतली होती, स्वतःच्या कमाईतून, आणि नवी म्हणून घेतली होती.

त्या गाडी घेऊन थेट शोरूमला गेल्या. हसऱ्यानं दार पाहिलं. हात फिरवल्यासारखं केलं आणि हात चटकन मागे घेतला.

"धूळ बसलीय मॅडम. पॉलिश मारलं की जाईल."

"धूळ पुसली की जाते. ही रंगाच्या आत आहे."

"वर्कशॉपला देतो ना मॅडम. एकदम नवी करून देतो."

"नवीच घेतलीय हो मी."

हसरा हसला. संध्याकाळी गाडी परत मिळाली तेव्हा पुरळ होतं तसंच होतं, वर पॉलिशच्या मशीनची गोल गोल वलयं उमटली होती. ओघळ घासला होता, पण अर्धाच. त्या जागी रंग इतका पातळ झाला होता की डोळ्यांना खुपावा. सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोग्याला धड बरं तर करायचं नाहीच, वर त्याला नवी जखम करून घरी पाठवायचं, ही कुठली रीत?

पुढच्या सुट्टीला त्या थेट मॅनेजरकडे गेल्या. मास्तरांनाही सोबत नेलं. काचेची केबिन, गार हवा, टेबलावर खेळण्यातली गाडी. मॅनेजरनं खुर्ची पुढे केली ती मास्तरांना.

"बोला सर, काय सेवा करू?"

"गाडी माझी आहे," सिस्टर म्हणाल्या.

"हो हो, मॅडम, अर्थातच." आणि मान पुन्हा मास्तरांकडे. "सर, त्याचं काय आहे, लेडीजना रंगाची फार बारीक नजर असते. उन्हात बघितलं तर कुठल्याही गाडीत काही ना काही सापडणारच."

"मग गाडी काय अंधारात चालवायची?" सिस्टरांनी विचारलं.

मॅनेजर समजूतदारपणे हसला. "मॅडम, मागे एल लावलाय आपण. नवीन हात आहे. सुरुवातीला कुठे कुठे घासते गाडी, लक्षातही येत नाही. किंवा पुसताना कपडा चुकीचा वापरला जातो. आम्ही तरी काय करणार? सर, तुम्हीच जरा समजवा यांना."

आणि मास्तरांनी मान डोलावली!

सवयीनं डोलावली असेल. भांडण मिटावं म्हणून डोलावली असेल. पण डोलावली. सिस्टर ताडकन उठल्या. ज्या बाईच्या वॉर्डात औषधाचा एक थेंब इकडचा तिकडे होत नाही, तिला हा माणूस फडकं कसं धरायचं ते सांगतो, आणि शेजारी बसलेला जन्माचा जोडीदार नंदीबैलासारखा मान हलवतो! त्या बाहेर पार्किंगमध्ये आल्या. मागून मास्तर, "अगं ऐक तरी," करत.

"नवीन हात काय? शिकाऊ काय?" सिस्टरांनी एलचं टोक नखानं उचललं. "हा बघा काढला! आता म्हणा म्हणावं शिकाऊ!"

आणि त्यांनी तो खसकन ओढला.

जुन्या कापडाच्या शिवणीतला टाका उसवावा तसा आवाज झाला. एल हातात आला, पण एकटा आला नाही. त्याच्या पाठीला रंगाचा पापुद्राही चिकटून आला होता, मोरपंखी, शाबूत. गाडीच्या दारावर दुसरा एल उरला होता. चंदेरी. उन्हात चमकणारा.

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. खाली वाकून त्या चंदेरी अक्षरावरून बोट फिरवलं.

"हे दार आपल्या गाडीचं नाहीये," ते हळूच म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. इतकी वर्षं वर्गात न चढलेला. "अगं, यांनी दुसऱ्याच गाडीचं दार आणून बसवलंय! आणि वर मला म्हणतो, समजवा यांना? चल आत. चल!"

आत एका कुटुंबाची डिलिव्हरी चालू होती. तेच साटीनचं कापड, तेच दिवे. मास्तर सरळ त्या मंडळींच्या मधून गेले आणि मॅनेजरला हाताला धरून बाहेर घेऊन आले. मागोमाग ते कुटुंबही आलं. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

मॅनेजरनं अक्षर पाहिलं. गळ्यातला टाय सैल केला. "हा प्रायमर आहे. रंगाखालचं अस्तर. सगळ्याच गाड्यांना असतो."

त्या कुटुंबातल्या आत्याबाई डोळे बारीक करून पुढे झाल्या. "अस्तर इतकं चमचमतं? अरे, आत ती चंदेरी गाडी उभी आहे ना दाराशी, हुबेहूब तो रंग आहे हा." मग त्या आपल्या भाच्याकडे वळल्या. "तू सही करू नकोस रे अजून. आपली गाडी आधी उन्हात काढायला सांग."

मॅनेजरचा चेहरा उतरला. त्यानं घाईघाईनं सिस्टरांना केबिनमध्ये नेलं. या वेळी खुर्ची त्यांना मिळाली, आणि पाणीही. मग सारवासारव सुरू झाली. दार नव्यानं रंगवून देतो. सीटकव्हर आमच्याकडून. पुढची सर्व्हिसिंग आमच्याकडून. फक्त एक छोटी सही, की आपलं समाधान झालं.

"माझ्या गाडीचं मूळ दार कुठे आहे?" सिस्टरांनी विचारलं.

"मॅडम, ते आता..."

"माझी गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिला एक दार होतं. ते कुठे गेलं? आणि का गेलं?"

"मॅडम, आपण पुढे बघूया ना."

"मी पुढेच बघत होते. म्हणून मागे काय झालं ते कळलं नाही."

मॅनेजरनं सहीचा कागद पुढे सरकवला. हसरा दाराशी उभा होता, आणि पहिल्यांदाच त्याचे दात दिसत नव्हते. सिस्टरांनी पाणी न पिता ग्लास बाजूला सारला. "उत्तर तयार झालं की सांगा. मी बाहेर आहे."

त्यांनी गाडी शोरूमसमोर, रस्त्याच्या कडेला लावली. पाठ शोरूमच्या काचेकडे. आत गाडी बघणाऱ्या प्रत्येकाला तो चंदेरी एल दिसत होता. लोक बाहेर येऊन विचारत, हे काय झालं? सिस्टर खिडकी खाली करत. "नवी आहे. इथलीच." बस्स, इतकंच. वॉचमन हटवायला आला, तर त्यांनी त्याला रस्त्याकडेची, इथे गाडी लावायला परवानगी असल्याची सरकारी पाटी दाखवली. तो बिचारा हसला आणि निघून गेला.

त्यांची ड्यूटी असली की प्रश्न पडे, कारण मास्तरांना गाडी चालवता येत नव्हती. त्यावर मास्तरांनीच तोड काढली. सिस्टर सकाळी गाडी तिथे लावून हॉस्पिटलला बसनं जात, आणि मास्तर घडीची खुर्ची, छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन गाडीमागे बसत. सिस्टर 'नवी आहे, इथलीच' एवढ्यावर थांबायच्या. मास्तरांना थांबणं ठाऊकच नव्हतं. ते काडीनं दाखवून समजावत. हा मूळ प्रदेश, ही सीमारेषा, हा बाहेरून आणून जोडलेला प्रदेश. येणारे-जाणारे हसून लोटपोट होत आणि शोरूममध्ये न शिरता पुढे जात. संध्याकाळी घरी आल्यावर ते दिवसभराचा वृत्तांत इतक्या रंगात येऊन सांगत, की सिस्टर पाय शेकत ऐकत राहत. त्या मान डोलावण्याचा विषय सिस्टरांनी एकदाच काढला. "चुकलंच माझं," मास्तर म्हणाले. सिस्टरांनी भाजीचं पातेलं त्यांच्याकडे सरकवलं.

शेवटी शोरूमचा मालकच आला. पांढऱ्या मिशांचा, थकलेला माणूस. मास्तरांच्या खुर्चीशेजारी उभा राहून त्यानं सिस्टरांची वाट पाहिली, त्या ड्यूटीवरून येईपर्यंत. मग सरळ सांगितलं. ट्रकवरून उतरवताना गाडी मागे घसरली आणि भिंतीवर आदळली. दार चेपलं. नवं दार मागवायला वेळ लागला असता आणि डिलिव्हरीची तारीख दिलेली होती. म्हणून वर्कशॉपमध्ये पडून असलेल्या एका चंदेरी गाडीचं दार बसवलं आणि वरून रंग मारला.

"मला हे तुमच्यामुळे कळलं," मालक म्हणाला.

"तारीख पुढे ढकलली असती तर मी थांबले असते," सिस्टर म्हणाल्या. "मी आयुष्यभर थांबलेय गाडीसाठी. आणखी थोडी थांबले असते. पण तुमच्या माणसानं मला माझ्या नवऱ्यासमोर खोटं पाडलं. ते कुठल्या वर्कशॉपमध्ये दुरुस्त करणार?"

गाडी मात्र मालकानं बदलून दिली. दुसरी मोरपंखी यायला वेळ लागला. आली तेव्हा सिस्टरांनी साटीनचं कापड घालू दिलं नाही. भर उन्हात गाडी उभी करून त्यांनी ती टपापासून चाकांपर्यंत हातानं तपासली, आणि सगळा स्टाफ सावलीत उभा राहून बघत होता.

मॅनेजरही होता. तोच टाय, तेच समजूतदार हसू. हसरा कुठे दिसेना.

"त्याला काढलं," दुसऱ्या एका विक्रेत्यानं खालच्या आवाजात सांगितलं. "कुणावर तरी ढकलायला हवंच होतं ना."

सिस्टरांच्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला. त्या मालकाच्या केबिनमध्ये गेल्या. दार मॅनेजरच्या हुकुमाशिवाय बदललं गेलं का? मालकानं मिशीवरून हात फिरवला. ही आमची आतली बाब आहे, म्हणाला. "आतली बाब बाहेरून रंगवायची तुमच्याकडे पद्धतच दिसते," असं ऐकवून त्या उठल्या. त्याहून जास्त त्यांच्या हातात नव्हतं, आणि ते त्यांना फार लागलं.

घरी आल्यावर त्यांनी फोनमधून हसऱ्याचा नंबर शोधला.

"मॅडम?" आवाज घाबरलेला.

"तुला माहीत होतं का रे?"

"हो मॅडम. कापड ओढलं तेव्हाही माहीत होतं."

मग सिस्टरांनी त्याला जे सुनावायचं ते सुनावलं. नव्या गाडीच्या आनंदात टाळ्या वाजवणाऱ्या बाईला फसवताना लाज कशी वाटली नाही, धूळ काय, पॉलिश काय, सगळं. त्यानं एकदाही 'त्याचं काय आहे' म्हटलं नाही. सगळं ऐकून घेतलं, आणि शेवटी म्हणाला, "चुकलो मॅडम."

"मॅनेजरनंच सांगितलं होतं ना गप्प राहायला?"

"हो."

"मालकाला सांगशील का तोंडावर? मी येते सोबत."

"येतो," तो म्हणाला.

सिस्टरांनी फोन ठेवला आणि मास्तरांना हाक मारली. मास्तर आधीच चप्पल घालत होते.