पाखरांच्या हद्दीचा खुंटा

मित्रांनो, मी एक जुना खुंटा आहे, अस्सल बाभळीचा. खुंट्याला कसलं आलंय आयुष्य, एका जागी उभं राहायचं नि दोराचे हिसके खायचे, असं म्हणून तुम्ही नाक मुरडाल. खुशाल मुरडा. पण मी बैल बांधायचा खुंटा नव्हतो. मी पाखरांच्या हद्दीचा खुंटा होतो, आणि हा मान बोरी गावाच्या शिवारात आमच्याआधी कुठल्या लाकडाला मिळालेला मला तरी ठाऊक नाही.

मला घडवलं सटवाजी सुतारानं. त्यानं वाकसानं माझी साल सोलली, टोक तासलं. माझ्या अंगातली एक गाठ काही केल्या त्याला दाद देईना, तेव्हा त्यानं मला चार शिव्याही हासडल्या. मला राग आला नाही. त्या गाठीच्या जोरावरच मी एवढी वर्षं काढली.

आम्हा खुंट्यांची मागणी होती दिनकररावांची. घरची मोठी शेती, पण माणूस हौशी. गळ्यात सदा दुर्बीण. यांना कापसापेक्षा बगळ्यांची काळजी जास्त, असं गावातले लोक हसून म्हणायचे. त्यांच्या जोडीला होते दत्तराव मास्तर. ते मूळचे पालमचे, बोरीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. दर हिवाळ्यात हे दोघे गावाबाहेरच्या तळ्यावर उतरलेली पाखरं मोजायचे आणि शहरातल्या पक्षीमंडळाला कळवायचे. एकदा मंडळाकडून निरोप आला की, तुमची जागा नेमकी कुठून कुठपर्यंत, ते नकाशावर आखून पाठवा आणि दरवर्षी तेवढ्यातच मोजा. बरोबरच होतं ते. एका साली अर्धं तळं मोजलं नि दुसऱ्या साली पुरं, तर पाखरं वाढली की नुसती जागा वाढली, हे कसं कळावं?

दिवाळी नुकतीच झाली होती. तळं काठोकाठ भरलेलं. मास्तरांनी गावनकाशावर पातळ कागद ठेवून तळं उतरवून घेतलं आणि पाण्याच्या कडेकडेनं लाल रेघ ओढली. दिनकररावांनी त्याच रेघेवर आम्हाला ठोकलं. आमच्या डोक्यांना पांढरा रंग दिला, वर आकडे घातले. मी पश्चिमेच्या उथळ बाजूचा. समोर थापट्या बदकं चिखल चाळत होती, शेकाटे लाल पायांवर मिरवत होते. काय सांगू तुम्हाला, मी अगदी फुगून गेलो होतो!

पण त्या रेघेत एक चूक राहून गेली होती. तळ्याचं पाणी हिवाळ्यात हटू लागलं की खालचा गाळ उघडा पडतो, आणि त्या ओल्या गाळात भूमिहीन माणसं टरबूज, काकडी लावतात. त्याला गाळपेर म्हणतात. मास्तर कोरडवाहू मुलखातले, त्यांना हे माहीत नव्हतं. दिनकररावांना माहीत होतं, पण पाखरांच्या नादात त्यांच्या डोक्यातच आलं नाही. भरलेल्या पाण्यावर रेघ ओढताना पाण्याखाली कुणाची तरी वाडी आहे, हे दोघांपैकी एकानंही मनात आणलं नाही.

ती वाडी होती चांगुणाबाईची. बाकीचं सगळं वर्ष ती दुसऱ्याच्या बांधावर राबायची. हा एवढाच हंगाम तिचा स्वतःचा, आणि त्यावरच तिचा उन्हाळा निघायचा. पाणी हटलं तशी ती पदरात बी बांधून आली आणि जागच्या जागी थांबली. तिच्या गाळाभोवती पांढरे खुंटे उभे होते, वर आकडे घातलेले.

ते नामांतराचे दिवस होते, मित्रांनो. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून लढा चालू होता आणि गावागावांत मनं कलुषित झाली होती. अशा वेळी गरिबाच्या जमिनीत कुणी खुंटा ठोकला, तर तो आपल्याला हाकलायलाच ठोकलाय असं त्याला वाटणार. त्यात गावात आवई उठली होती की दिनकररावांनी तळं घेतलं. चांगुणाबाईनं इकडंतिकडं पाहिलं, पदर खोचला, मला दोन्ही हातांनी धरलं आणि गदागदा हलवून उपटलं. घरी नेलं नि तिची शेळी मला बांधली. माझा मान एका दुपारीत मातीला मिळाला. तरी खरं सांगतो, शेळी गुणी होती.

जानेवारीत मोजणीचा दिवस उजाडला. नकाशा उलगडून दोघे पश्चिमेला आले, तर मी गायब! पुढं आळ्यांतून टरबुजाचे कोंब वर आलेले. दिनकररावांचा पारा चढला.

"खुंटा उपटला म्हणजे काय! मंडळाकडं नकाशा गेलाय. ही वाडी हद्दीत आली, आता इथं कुणी पाय ठेवायचा नाही. माणसं हिंडली की बदकं उठतात. पोलीस पाटलाला सांगून उद्याच काढायला लावतो."

चांगुणाबाई घडा घेऊन वाडीला पाणी घालायला आली होती. तिच्या कानावर सगळं पडलं. तिनं घडा खाली ठेवला, घरी गेली, शेळीचा दोर सोडला नि मला घेऊन आली. मला वाटलं, आता ही मला यांच्या डोक्यात घालते.

"जय भीम, मास्तर," ती म्हणाली. "खुटा म्या उपटला. चोरला न्हाई, हा बगा. पर तुमी आपल्यातले असून पयला खुटा माझ्याच वाडीला कामून?"

मास्तरांचा चेहरा उतरला. "जय भीम, मावशी. पाणी भरलेलं होतं. खाली वाडी असती हे मला खरंच ठाऊक न्हवतं."

"मंग इचारायचं व्हतं. मी काय लंकेत ऱ्हाते?" तिनं नकाशाकडं बोट केलं. "ह्याच्यात माझी वाडी कुटं हाय?"

मास्तर गाळातच उकिडवे बसले. गुडघ्यावर नकाशा पसरून बराच वेळ पाहत राहिले. वाडी त्यात कुठंच नव्हती.

"दिनकरराव," ते शेवटी म्हणाले, "लाल रेघ हाय तशीच राहू द्या, मोजायला तीच लागणार. पण ती मोजायची रेघ हाय, कुणाला हाकलायची न्हाई. आत आणखी एक रेघ काढू, वाडीची. तिथली पाखरं येगळी मोजू."

"आणि बदकं उठली तर?"

"उठली तर उठली. राहतील तेवढी मोजू. ह्यांचं पोट उठवून मला पाखरं मोजायची न्हाईत."

दिनकररावांनी मान डोलावली. हट्टी होते, पण माणूस वाईट नव्हता. चांगुणाबाईनं मात्र त्यांना सोडलं नाही.

"मास्तरांच्या बोलण्यानं गाव न्हाई ऐकायचं, मालक. तुमी म्हना. समद्यास्नी ऐकू जाऊ द्या."

पलीकडं बाया धुणं धूत होत्या, कुणी गुरं पाण्यावर आणली होती. दिनकररावांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. वाडवडिलांपासून त्या घरातलं कुणी अशा हुकमावरून बोललं नसेल. मग त्यांनी घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात ओरडले, "ऐका रे! ही हद्द पाखरं मोजायची हाय, जमिनीची न्हाई! वाडी चांगुणाबाईचीच! कुणी तिच्या वाटंला जायचं न्हाई!"

बायांचे हात थांबले. चांगुणाबाईनं एक दगड उचलला, मला माझ्या जुन्या खड्ड्यात उभं केलं आणि स्वतः ठोकलं. सटवाजीच्या हातापेक्षाही तो हात मला जड वाटला, आणि तितकाच गोडही.

त्या साली मास्तरांनी नकाशात तुटक रेघ काढून आत लिहिलं, 'चांगुणाबाईची वाडी'. बदकं थोडी पांगली, पण वेलांच्या कडेला टिटव्या भरपूर मिळाल्या. पुढं ती दर मोजणीला येऊन विचारायची, "मास्तर, माझ्या वाडीत औंदा किती?" नि आकडा कमी निघाला की त्यांनाच रागवायची.

वर्षं गेली. मी खालून कुजत आलो. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं त्या जानेवारीत मास्तरांनी माझ्या जागी सिमेंटचा खांब आणला. मला वाईट वाटलं का? थोडंसं वाटलं. कोणालाही वाटेल.

मित्रांनो, हद्दी जरूर आखा. त्याशिवाय काय टिकलं नि काय हरवलं हे कळत नाही. पण आखण्याआधी तिथं जाऊन विचारा, एवढंच या म्हाताऱ्या लाकडाचं मागणं आहे. सिमेंटचा खांब रोवायचा होता त्या दिवशी खड्डा खणण्याआधी दिनकरराव स्वतः चांगुणाबाईच्या दारात गेले. तिनं त्यांना चहा दिला, आपलाही सावकाश संपवला आणि मग वाडीवर आली. खांबाची जागा तिनं डोळे बारीक करून पाहिली.

"जरा तिकडं घ्या," ती म्हणाली.

तिथं घ्यायचं काहीच कारण नव्हतं, हे तिघांनाही माहीत होतं. दिनकररावांनी खांब उचलून तिकडं घेतला, आणि मास्तरांनी हसू दाबत नकाशातली रेघ खोडून पुन्हा काढली.