खिडकीतली निळ्या काठाची थाळी

मी एक जुना पेटारा आहे. भांडी धुणारा. नाक मुरडू नका, मित्रांनो. माझं खरं नाव विलायती आणि लांबलचक होतं. पण ज्या घराने मला माणसात आणलं, त्या घराने मला पेटारा म्हटलं आणि तेच नाव मला चिकटलं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पांढरं अंग, डोक्यावर लाकडी फळी, पायाला चार चाकं, पाठीला रबरी नळी. नळी नळाला लावायची, भांडी पोटात रचायची, झाकण लावून बटण फिरवायचं. पोटातली तार पाणी तापवायची आणि खाली भिंगरीसारखं फिरणारं पातं ते पाणी भांड्यांवर उडवायचं. मी जहाजातून खिदिरपूरच्या धक्क्यावर उतरलो आणि अलीपूरच्या एका साहेबाच्या बंगल्यात कामाला लागलो. तिथे मी काय पाहिलं ते सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. काचेचे पेले आले, काचेचे पेले गेले. पुढे साहेबाच्या कंपनीने कलकत्त्यातला गाशा गुंडाळला, मेमसाहेबांनी कुत्रा सोबत नेला आणि मला लिलावात ठेवलं.

रविवारी लिलाव होता. दिगंबर फाटक नावाचे एक बँकेतले अधिकारी तिथे टेबलफॅन घ्यायला आले होते. त्यांची वर्षापूर्वीच नागपूरहून कलकत्त्याला बदली झाली होती. पंखा दुसऱ्याच कुणी नेला. पण माझ्याबद्दल ऐकल्यावर त्यांचा हात आपोआप वर गेला. घरी त्यांच्या बायकोचे, वृंदावहिनींचे, हात राखेने आणि सोड्याने फाटले होते. हिवाळ्यात बोटांच्या भेगांतून रक्त यायचं. "तुझे हात दुखतात का गं?" एवढं विचारणं दिगंबररावांना जन्मात जमलं नसतं. म्हणून त्यांनी एक यंत्र विकत घेतलं. पुष्कळ पुरुष असेच असतात. तोंड उघडण्याऐवजी ठेलागाडी भाड्याने करतात.

भवानीपूरच्या दुसऱ्या मजल्यावर मला चढवलं तेव्हा दारात दिगंबररावांच्या आई उभ्या होत्या. प्रेमलताबाई.

"दिगू, हा पेटारा कसला?"

"भांडी धुतो, आई."

"आपण होऊन?"

"आपण होऊन."

"मग मोरीत ठेव. आणि आधी त्याला कुंकू लाव. कुणाकुणाचं काय काय धुतलं असेल, देव जाणे."

माझ्या पांढऱ्या छातीवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, समोर नारळ फुटला. एवढा मान मला बंगल्यात कधी मिळाला नव्हता. मी फुगून गेलो. तासाभरातच माझी हवा निघाली.

प्रेमलताबाईंच्या घरात खरकटं म्हणजे खरकटं. खरकटं भांडं चांगल्या भांड्याला लागता कामा नये. एकाचं उष्टं दुसऱ्याच्या उष्ट्यात मिसळता कामा नये. आणि इथे तर सगळ्यांची ताटं एकाच पोटात, एकाच पाण्यात! त्यांनी फर्मान काढलं, "भांडी आधी राखेने घासायची, दोनदा विसळायची आणि मग त्याच्या पोटात घालायची."

म्हणजे मी धुतलेली भांडी धुऊ लागलो. वृंदावहिनींचं काम निम्मं व्हायचं ते दीडपट झालं. दिगंबररावांनी हे पाहिलं, दोनदा घसा खाकरला आणि ते पेपर वाचायला बसले. मला आजही त्यांचा राग येतो.

आता त्या घरातल्या चौथ्या माणसाबद्दल सांगतो. खरं तर हे सगळं तिच्यासाठीच सांगतोय. ती म्हणजे दिगंबररावांची धाकटी बहीण, शकुन. तिला क्षय झाला होता. दोन वर्षं सॅनिटोरियममध्ये काढून ती भावाकडे आली ती पूर्ण बरी होऊन. डॉक्टरांनी तसं तोंडभरून सांगितलं होतं. तरीही बाकीच्यांची स्टीलची ताटं मांडणीवर आणि शकुनची थाळी खिडकीत. एनॅमलची, पांढरी, निळ्या काठाची. शेजारी एक पेला, एक वाटी. ती आपली थाळी आपण धुवायची, गच्चीतल्या नळावर, आणि पुन्हा खिडकीत ठेवायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी आईने ती थाळी तिच्यापुढे ठेवली आणि ती समजली. कुणी भांडलं नाही, कुणी रडलं नाही. भीतीला एकदा सोवळं नेसवलं की ती थेट धर्मासारखी दिसते. मग तिला हटकायची कुणाची छाती होत नाही.

एके दिवशी वृंदावहिनी तापाने पडल्या. शकुन म्हणाली, "वहिनी, तू उठू नकोस. आज मी आणि पेटारा बघून घेतो."

दुपारी सगळे आडवे झाल्यावर ती माझ्यापाशी आली. तिने झाकण उघडलं. खरकटी ताटं, वरणाचं पातेलं, आमटीच्या वाट्या, सगळं न घासता रचलं. मग खिडकीशी गेली, थाळी उचलली आणि ती हातात धरून जरा वेळ उभी राहिली. शेवटी तिने ती ठेवली. कडेला नाही, मधोमध. दिगंबररावांच्या आणि आईच्या ताटाच्या बरोबर मध्ये.

मित्रांनो, मी त्या दिवशी जीव तोडून काम केलं. इतकं पाणी उडवलं, इतकं तापवलं, की माझी फळीसुद्धा चटके देत होती. झाकण उघडलं तेव्हा वाफेत सगळी ताटं सारखीच लखलखत होती. शकुन हसली. तिचं हसू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तेवढ्यात प्रेमलताबाई उठून आल्या. त्यांनी स्टीलच्या ताटांमध्ये निळा काठ पाहिला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एकेक ताट बाहेर काढलं, राखेने घासलं, उन्हात ठेवलं. मग माझ्या विजेच्या तारेचं टोक भिंतीतून उपटलं आणि माझ्याभोवती गुंडाळून गाठ मारली. शकुनने मुकाट्याने आपली थाळी उचलली आणि परत खिडकीत ठेवली.

त्या दिवसापासून माझं काम बंद. माझ्या डोक्यावर लोणच्याच्या बरण्या आल्या, पोटात कांदे-बटाटे. स्वस्तिक पुसट झालं. शकुनला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली. ती सकाळी जायची, संध्याकाळी यायची, खिडकीतली थाळी घ्यायची, जेवायची आणि पुन्हा थाळी खिडकीत ठेवायची. मी कांदे सांभाळत ते बघत राहायचो.

मग दिगंबररावांची बदली पुन्हा नागपूरला झाली. घरात खोकी आली, सुतळी आली आणि माझा प्रश्न उभा राहिला.

आधी मला बघायला आले ओळखीचे श्यामकांत आणि शैला. हे जोडपं कलकत्त्यातच जन्मलेलं, वाढलेलं. त्यांचं मराठी बंगालीत बुडवून काढल्यासारखं.

श्यामकांतांनी माझं झाकण उचलून आत डोकं घातलं. "एकदम फर्स्टक्लास मशीन! घेऊनच जातो ना!"

"घेऊन जातो, पण ठेवणार कुठे? तुझ्या डोक्यावर?" शैलाबाई म्हणाल्या. "आणि हो वृंदा, यात इलिश माशाचे काटे अडकणार नाहीत ना?"

वृंदावहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे फक्त दोडक्याच्या शिरा अडकल्या हो. माशांचं मला काय माहीत?"

"आणि लोडशेडिंग झालं तर?" शैलाबाईंनी विचारलं. "मध्येच थांबला तर भांडी आत, आपण बाहेर, आणि पाहुणे दारात!"

दिगंबरराव म्हणाले, "शिवाय याला ट्रान्सफॉर्मर लागतो. तिकडची वीज वेगळी असते."

"असं?" श्यामकांतांनी झाकण हळूच लावलं. "तर मग चहाच करा, वहिनी."

चहा पिऊन ते गेले. त्यानंतर भंगारवाला आला. त्याने मला वरून, खालून, पोटातून ठोकून पाहिलं. "मोटर निकाल लेंगे. बाकी डब्बा पीट देंगे." त्याने ते कांदे सोलावेत तसं सहज सांगितलं. दिगंबररावांनी मान डोलावली. "उद्या सकाळी घेऊन जा."

"दादा, थांब." शकुन दारात उभी होती, खांद्याला पर्स तशीच. "पेटारा मला दे."

"तुला? तू नागपूरला येतेयस आमच्याबरोबर."

"मी येत नाहीये."

शकुन आत आली. "माझी नोकरी इथे आहे. एक्स्चेंजमधल्या अणिमादीचं हावड्याला घर आहे. ती आणि तिची मावशी दोघीच असतात. एक खोली मला देतायत."

"लग्न नाही झालं तुझं, परक्या बायकांत राहणार? आई, तू सांग हिला."

प्रेमलताबाई खोक्यात पातेली भरत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "तिथे तुझं जेवायचं कसं करणार?" एवढंच विचारलं.

"त्यांच्याबरोबर बसून. मी त्यांना पहिल्याच दिवशी माझ्या आजाराचं सांगितलंय. अणिमादीने ऐकून घेतलं आणि मला ताट वाढलं. मांडणीवरचं." शकुनने पर्स खाली ठेवली. "दादा, भंगारवाल्याला नको देऊस. या घरात माझी थाळी सगळ्यांच्या थाळ्यांत फक्त यानेच घेतली. एकदाच घेतली, पण घेतली."

मी लोखंडाचा आहे, मित्रांनो. लोखंडाला रडता येत नाही. पण माझ्या नळीत कधीचं साचलेलं पाणी होतं, ते त्या दिवशी टपटपलं. गळती म्हणा हवं तर.

वृंदावहिनींनी सासूकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडेही पाहिलं नाही. उठल्या आणि माझ्या पोटातले कांदे टोपलीत काढायला लागल्या. झाला निकाल.

निघायच्या दिवशी सामान आधीच गेलं होतं. घरात उरल्या होत्या दोन ट्रंका, पाण्याचा तांब्या, मी, आणि खिडकीतली थाळी. गाडी संध्याकाळची होती. वृंदावहिनींनी सकाळीच दहीभात कालवून डब्यात भरला होता. दिगंबरराव बँकेतच जेवून आले होते, वहिनींना उपास होता. प्रश्न प्रेमलताबाईंचा होता.

"आई, ट्रंक उघडून ताट काढू का? की खालून केळीचं पान आणू?"

"राहू दे." प्रेमलताबाई जमिनीवर बसल्या. "शके, तुझी थाळी आण."

शकुन हलली नाही.

"आण म्हणते ना. गाडी चुकवायचीय का माझी?"

शकुनने थाळी आणली. वृंदावहिनींनी दहीभात वाढला. प्रेमलताबाईंनी पहिला घास घेतला.

"तुझे वडील याच दुखण्याने गेले. माहीतेय तुला." त्या थाळीकडे बघून बोलत होत्या. "आमच्यात नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायची रीत होती. शेवटपर्यंत जेवले मी. आणि तू मांडीवर असायचीस. त्याच ताटातला मऊ भात तुला भरवायचे. मला काही झालं नाही. तुला झालं. माझ्या हातून झालं गं."

"आई..." शकुन त्यांच्यासमोर बसली. "तो रोग ताटातून येत नाही. खोकल्यातून येतो. डॉक्टरांनी कितीदा सांगितलं."

"डॉक्टरांनी सांगितलं. पण भरवलं तर मीच होतं ना? म्हणून वाटायचं, आता तरी ताटं वेगळी ठेवावी. तुला नव्हते गं भीत. माझ्याच हाताला भीत होते."

इतकी वर्षं एका घरात राहून हे एक वाक्य बोलायला त्यांना रिकामं घर लागलं.

थाळीत चार घास उरले होते. शकुनने हात पुढे केला आणि आईच्या उष्ट्यातला एक घास उचलून तोंडात टाकला. प्रेमलताबाईंनी तिचा हात धरला. मला वाटलं, आता झटकतील. पण धरूनच ठेवला.

मग त्या उठल्या. थाळीला शितं चिकटलेली, दही वाळत चाललेलं. त्यांनी माझं झाकण उघडलं आणि थाळी तशीच माझ्या पोटात ठेवली. न विसळता. न घासता. खरकटी.

"चालव तुझा पेटारा," त्या म्हणाल्या.

शकुनने नळी नळाला लावली, तारेची गाठ सोडून टोक भिंतीत खोचलं आणि बटण फिरवलं. मी ढिम्म. वीज गेली होती! आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईने मला मानाचं काम दिलं आणि लोडशेडिंगने माझी अब्रू घेतली. वृंदावहिनी इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. दिगंबरराव घसा खाकरत म्हणाले, "टॅक्सी आली." आणि मग, त्यांच्या मानाने केवढी हिंमत, बायकोच्या हातातली जड पिशवी त्यांनी स्वतः घेतली.

मी ठेलागाडीवर आणि ते टॅक्सीत, सगळेच हावड्याच्या वाटेला लागलो; मी शकुनच्या नव्या घरी, ते स्टेशनवर. पुलावर ट्राम, बस, गाड्यांचा एकच खोळंबा. ठेला पुढे सरकला आणि नेमका त्यांच्या टॅक्सीशेजारी अडकला. प्रेमलताबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढून ठेलेवाल्याला दम भरला, "भैया, आस्ते जाओ! अंदर थाली है!"

त्याला वाटलं असेल, चांदीची असेल.

त्या संध्याकाळी हावड्याच्या घरात वीज होती. अणिमादी, मावशी आणि शकुन जेवल्या, आणि माझ्या पोटात तीन ताटं आली. चौथी थाळी आधीच आत होती. मी चारही एकाच पाण्यात धुतली. मावशीच्या ताटात माशाचे काटे होते. प्रेमलताबाईंना कळवू नका.

मी अजून तिथेच आहे. नळी दोनदा बदलली, एक चाक लंगडं आहे, आवाज गिरणीसारखा येतो. माझ्या जाळीत काटा अडकला की शकुन तो रोज न विसरता काढते, म्हणून मी चालतो. यंत्र आपोआप टिकत नाही, कुणालातरी रोज वाकून त्याची जाळी साफ करावी लागते. तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं जुनं धूड असेल तर त्याला कांदे ठेवायला लावू नका. आणि घरात कुणाची थाळी खिडकीत वेगळी ठेवली असेल, तर मोठ्यांना विचारा, का? दटावतील. पुन्हा विचारा. तेवढ्यानेही नाही झालं, तर ती थाळी उचला आणि मांडणीवर ठेवून या. कडेला नको, मित्रांनो. मधोमध.