ताईचं मनगट

रविवारी दुपारी ताईला खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागला. वडिलांना, नानांना, भरवून झालं होतं, त्यांचं तोंड पुसून झालं होतं, कूस बदलून पाठीशी उशी लावून झाली होती. मशीनमधले कपडे वाळत घालण्याआधी जरा टेकावं म्हणून ती पलंगाशेजारच्या लाकडी खुर्चीत बसली आणि उजवा हात खुर्चीच्या पाठीवरून मागे टाकला. पुढचं तिला आठवत नाही. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरून गेलं होतं आणि नाना तिच्याकडे टक लावून बघत होते.

हात बधिर झाला होता. मुंग्या येतील, मग ठीक होईल, म्हणून ती थांबली. मुंग्या आल्या आणि गेल्या. हात काही आला नाही. समोर धरला तर मनगटापासून पुढचा पंजा खाली लोंबत होता, दोरीवर टाकलेल्या ओल्या मोज्यासारखा. उचलावा म्हटलं तर उचलेना. बोटं सरळ होईनात. अंगठा तर दुसऱ्या कुणाचा असावा तसा गप्प.

दोन वर्षांपूर्वी नानांचंही हातापासूनच सुरू झालं होतं. ती उठून आरशासमोर गेली आणि हसून पाहिलं. ओठ दोन्हीकडून सारखे हलले. एकेका पायावर उभी राहिली. स्वतःचं नाव, पत्ता मोठ्यानं म्हणून पाहिला. नाना पलंगावरून हा सगळा तमाशा बघत होते. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. दोन-चार शब्द उरले होते, तेही त्यांच्या मर्जीनं यायचे.

"काही नाही नाना, अवघडलाय," असं म्हणून तिनं शेजारच्या काकूंना हाक मारली, नानांजवळ बसवलं आणि दवाखाना गाठला.

डॉक्टर वयस्कर होते. चष्मा डोक्यावर सारून टेबलावर चष्माच शोधणारे. त्यांनी तिच्या हाताच्या मागच्या बाजूला, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या जागी, टाचणीचं टोक लावलं. तिला कळलंच नाही.

"कुठे झोपला होतात?"

"खुर्चीत. हात मागे टाकून."

"थोडी घेतली होतीत का?"

"नाही हो!"

"रागावू नका, विचारावं लागतं. हात असा दबला की दुखतो आणि माणसाला जाग येते. तुम्हाला का नाही आली?"

ताईनं खांदे उडवले. उत्तर फार लांबलचक होतं.

डॉक्टरांनी तिच्या दंडावर बोट फिरवून दाखवलं. या हाडाला मागून वळसा घालून एक नस खाली उतरते. मनगट उचलायचं, बोटं उघडायची, अंगठा बाहेर काढायचा, ही कामं करणारे स्नायू सगळे तिच्याच हुकमात. खुर्चीच्या कडेनं ती नस चेंगरली होती. "तुटलेली नाही. येईल परत. पण तिच्या चालीनं येईल, तुमच्या नाही. आठवडे जातील, महिनेही जातील. तोवर या हातानं काम नाही."

ताई केस कापायची. बाजाराच्या रस्त्यावर तिचं दोन खुर्च्यांचं सलून होतं. सकाळी नानांचं आवरून सलून, दुपारी पळत घरी, पुन्हा सलून, पुन्हा नाना. लग्न तिनं केलं नव्हतं आणि त्यावरून बोलणारे आता दमले होते. या हातानं काम नाही, म्हणजे कात्री नाही, आणि नानांना उचलून बसवणंही नाही. तिला रडू यायला हवं होतं. पण परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून बसली असताना तिला एकदम हलकं वाटलं. आता या हाताकडे कुणी काही मागू शकत नाही. हा विचार मनात आला तशी ती चपापली आणि शेजारच्या बाईनं ऐकला की काय अशा नजरेनं तिनं इकडेतिकडे पाहिलं.

धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात राहायचा. रविवारी संध्याकाळी त्याचा फोन ठरलेला. "नाना कसे आहेत?" "बरे आहेत." "काही लागलं तर सांग." "हो." इतकंच बोलणं व्हायचं. त्या संध्याकाळी ताई म्हणाली, "लागलंय."

दुसऱ्या दिवशी तो आला. खांद्यावर छोटी बॅग, तिच्यात दोन दिवसांचे कपडे. ताईचा लोंबता पंजा पाहून त्याचा चेहरा पडला. "अगं, हे काय!" म्हणत त्यानं तो हातात घेतला आणि मग पुढे काय करायचं ते न सुचून तसाच धरून ठेवला.

त्याच आठवड्यात ताईला हाताचे व्यायाम शिकवणारी बाई भेटली. ठेंगणी, भराभर बोलणारी, स्वतःच्या विनोदावर आधीच हसून घेणारी. तिनं मनगटाला आधार देणारी पट्टी करून दिली. पट्टी बांधण्याआधी तिनं आपली दोन बोटं ताईच्या तळहातात ठेवली. "आवळा."

ताईनं जोर लावला. मूठ मऊच राहिली. "याची ताकदही गेली वाटतं."

"थांबा हो." बाईनं दुसऱ्या हातानं ताईचं मनगट खालून उचलून सरळ धरलं. "आता आवळा."

ताईची बोटं त्या बाईच्या बोटांवर घट्ट मिटली. ती स्वतःच दचकली.

"बघा! मूठ तुमची शाबूत आहे. बोटांत ताकद नसतेच मुळी. बोटं मिटायची ओढ येते ती इथून, कोपराखालच्या या मांसातून. पुढे नुसत्या दोऱ्या जातात. मनगट पडलं की दोऱ्या ढिल्या. ते धरायला कुणीतरी लागतं, बस्स." मग घाईनं म्हणाली, "आणि आता घरी जाऊन या हातानं भांडी घासू नका. मला माहीत आहे तुम्ही सगळ्या काय करता ते."

घरी भांडी धाकटा घासत होता. भरपूर साबण आणि भरपूर आवाज. दोन दिवसांचे चार झाले, त्यानं कामावर रजा वाढवून घेतली. नानांना उचलताना तो पहिल्यांदा कंबरेत वाकला आणि कळवळून तसाच उभा राहिला. "गुडघ्यात वाक रे," ताई म्हणाली. "तुलाही आडवं करावं लागलं तर इथे तिसरा पलंग मावणार नाही." नाना घशातल्या घशात हसले.

सगळ्यात अवघड होती ती नानांची उजवी मूठ. लकव्यानंतर ती आपोआप मिटत गेली होती, इतकी घट्ट की नखं तळव्यात रुतायची. रोज ती उघडायची, कोमट पाण्यानं आतला घाम आणि मळ पुसायचा, कोरडी करायची, नाहीतर कातडी कुजते. धाकट्यानं एकेक बोट धरून ओढायला सुरुवात केली. नानांनी तोंड वाकडं केलं.

"ओढू नकोस," ताई म्हणाली. "जितकं ओढशील तितकी मूठ हट्टाला पेटते. आधी मनगट आतल्या बाजूला वाकव. हळू. अजून थोडं. आता अंगठा, त्याच्या बुडाशी धर."

त्यानं तसं केलं. मनगट वाकलं तशी बोटं सैल पडली आणि मूठ उघडली. तळवा फिकट होता, पाण्यात बराच वेळ राहिल्यासारखा, आणि त्यावर नखांच्या चार लाल चंद्रकोरी. धाकट्यानं फडकं उचललं नाही. नुसता बघत राहिला.

"हे तू रोज करतेस?"

"मग कोण करणार?"

"मला कधी बोलली नाहीस."

"तू विचारायचास नाना कसे आहेत. ते बरे असायचे."

त्यानं पाण्याचं भांडं जवळ ओढलं. फडकं पिळून बोटांच्या बेचक्या पुसायला लागला.

ताई शेजारच्या खुर्चीत आपले व्यायाम करायला बसली. हात टेबलाच्या कडेवर, पंजा बाहेर, आणि नुसतं मनानं म्हणायचं, ऊठ. पंजा लोंबत राहायचा. नाना पाहत होते. आयुष्यभर त्यांनी टायपिंगचा क्लास चालवला होता. दहा यंत्रांच्या खडखडाटात त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू जायचा. आता त्यांचे ओठ हलले, गळ्याची शीर ताठ झाली, आणि शब्द बाहेर पडले.

"मनगट... वर."

धाकट्यानं चमकून बहिणीकडे पाहिलं. क्लासातल्या प्रत्येकाला ते हेच दोन शब्द ओरडून सांगायचे.

"नाना, जात नाही हो वर," ताई म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला रडू फुटलं. नानांनी डावा हात पुढे केला. तो तिच्यापर्यंत पोचला नाही, चादरीवरच राहिला.

पुढचे दिवस एकासारखे एक गेले. ताई आधी नुसती झोपायची. दुपारी झोपायची, जेवून झोपायची, उठून चहा पिऊन पुन्हा आडवी व्हायची. इतका शीण अंगात कुठे साठला होता कुणास ठाऊक. धाकट्याची बायको फोनवर आधी कुरकुरली, मग तिनं त्याचे आणखी कपडे पाठवले.

आणि एका सकाळी, तोंड धुताना, पंजा जरासा उचलला गेला. अगदी जरासा. ताईनं नळ बंद केला आणि पुन्हा प्रयत्न केला. हाताच्या वरच्या बाजूला, कोपराखाली, एक दोरी कातडीखाली ताणली गेलेली तिला दिसली. ती न्हाणीघराच्या दाराला टेकून उभी राहिली. बाहेर धाकटा नानांची दाढी करत होता. गालाला फेस, कानाला फेस.

तिनं कुणाला सांगितलं नाही. पट्टी घट्ट बांधून बाहेर आली. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. व्यायाम दार लावून करू लागली. मनगट वर येऊ लागलं, मग बोटं, सगळ्यात शेवटी आणि कुरकुरत अंगठा. घरच्यांसमोर मात्र हात मांडीवर पडलेला असायचा. तो बरा झाला की धाकटा बॅग भरणार, आणि मग पुन्हा मशीन, मूठ, सलून, पलंग, खुर्ची. या विचारानंच तिचे खांदे दुखायचे. लाजही वाटायची. तरी ती बोलली नाही.

शेवटी तिलाच सोसेना. संध्याकाळी नाना पेंगत असताना ती स्वयंपाकघरात आली. धाकटा भाजी निवडत होता. तिनं पट्टी सोडली, हात टेबलावर ठेवला आणि पंजा वर उचलला. थरथरला, पण राहिला.

"बरेच दिवस झाले," ती म्हणाली. "मी सांगितलं नाही."

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"गेल्या आठवड्यात तू झोपेत उशी ओढून घेतलीस. त्याच हातानं." त्यानं एक देठ मोडला. "म्हटलं, सांगायचं तेव्हा सांगेल."

"मग गेला का नाहीस?"

"जाऊन काय केलं असतं? रविवारी फोन?" त्यानं भाजी बाजूला सारली. "ताई, नानांना मी घेऊन जातो. बायकोशी बोललोय. ती खूश नाही, खोटं कशाला सांगू. पण हो म्हणाली. तुझा हात पूर्ण येईपर्यंत तरी. मग पुढे अर्धं अर्धं करू."

ताई म्हणणार होती, तुला जमायचं नाही, तुझं घर तिसऱ्या मजल्यावर, नानांना नवी जागा सोसायची नाही. सगळी वाक्यं जिभेवर तयार होती. तिनं खुर्ची ओढली आणि बसली.

"त्यांना विचारलंस?"

"विचारलं. 'बघू' म्हणाले."

"बघू म्हणाले? शब्द आला?"

"स्पष्ट आला."

दोघं हसली, थकलेलं, थोडकं.

पुढच्या आठवड्यात नाना धाकट्याकडे गेले. गाडीत बसवताना त्यांनी डाव्या हातानं ताईचा पदर धरला आणि मग आपणहून सोडला. घर दोन दिवस फार मोठं वाटलं. तिसऱ्या दिवशी ताईनं सलूनचं कुलूप काढलं, खुर्च्यांवरची धूळ झटकली, कात्री बोटांत घालून हवेत चालवून पाहिली. मिटत होती, उघडायला वेळ घेत होती.

पहिली आली ती समोरच्या औषधाच्या दुकानातली बाई. नुसती टोकं सारखी करायची होती. ताईनं सावकाश केली, मध्ये दोनदा हात खाली घेऊन. बाईनं आरशात डोकं दोन्हीकडे वळवून पाहिलं आणि छान म्हणाली. दारात आणखी एक जण ताटकळत होती. एरवी ताईनं तिला आत बोलावलं असतं, जेवण बुडवलं असतं.

"उद्या याल का?" ती म्हणाली. "आज मी दमलेय."

"उद्या येते की," म्हणून ती गेली. ताईनं जमिनीवरचे केस डाव्या हातानं झाडून गोळा केले, आणि दुपार व्हायच्या आत घरी जाऊन अंथरुणावर सरळ, हात पोटावर ठेवून झोपली.