जुळल्याशिवाय सही नाही

दोन्ही फाइली जुळल्या नाहीत. प्रियदर्शनीनं पुन्हा तपासलं, तरी नाहीच.

सदर भागातली त्यांची कंपनी धरमकाट्यांचे, म्हणजे भरलेल्या गाड्या तोलणाऱ्या काट्यांचे संगणक तयार करी. असा संगणक सुरू झाला की सगळ्यात आधी कर्नलवरची, म्हणजे आपल्या गाभ्यातल्या प्रोग्रामवरची डिजिटल सही तपासतो. सही कंपनीची नसेल तर काटा चालूच होत नाही. वजनात कोणी लबाडी घुसवू नये म्हणून ही सोय. सहीची किल्ली, पेनड्राइव्हसारखी, प्रियदर्शनीकडे होती, आणि तिचा एक नियम होता. एकाच कोडवरून ती आपल्या मशीनवर कर्नल बांधायची, म्हणजे त्याची चालणारी फाइल तयार करायची, आणि तिचा सहकारी अंकुर त्याच्या मशीनवर. दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या निघाल्या तरच सही. एखाद्या मशीनमध्ये काही शिरलं असेल तर ते असं उघडं पडतं.

मालक पंकज दारातूनच बोलला, "मॅडम, करून टाका नं सही. कळमन्याच्या बाजारातला काटा मधातच अडकून राहिला. उद्या संत्र्याच्या गाड्या लागल्या का लोकं मलेच शिव्या देतीन."

"जुळत नाहीत."

"फरक कितीसा आहे?"

"अगदी थोडा."

"मंग?"

"चोराला दार थोडंसंच उघडं लागतं, पंकज सर."

अंकुर आपल्या मशीनवरून वळला. तो म्हणाला, "मॅडम, तुमाले माह्यावर डाऊट आहे काय?"

"तुझ्या मशीनवर आहे."

"मशीन माहीच आहे नं."

तिला त्याचा चेहरा बघवेना. काम तिनंच त्याला शिकवलं होतं. तो काही वाकडं करेल असं तिला क्षणभरही वाटलं नाही. पण अंकुर कसा आहे हे सही सांगत नाही. आम्ही पाहिलं, एवढंच ती सांगते. आणि पाहिलेलं अजून जुळत नव्हतं.

तिनं दोन्ही फाइली शेजारी उघडल्या. फरकाची जागा सापडली. कर्नल कोणी बांधला ते नाव त्याच्या आत नोंदलं जातं. फाइली सारख्या निघाव्यात म्हणून दोघंही तिथं कंपनीचंच नाव घालत. आज अंकुरच्या फाइलीत तिथं 'अंकुर' होतं.

"हे काय?"

अंकुरनं मान खाली घातली. "काटा सुरू होताना ती ओळ स्क्रीनवर येते नं. माही मोठी बहीण पायल कळमन्याच्या काट्यावरच पावत्या काढते. रोज म्हणते, काय गा, तू खरंच हे बनवतं का सायबाले चहा पाजतं? मले वाटलं, एक डाव दिसू दे तिले."

पंकज खो खो हसला, आणि मग एकदम थांबला. "सेटिंग बदलली अन् सांगितलं नाही? तुले नाही जमत हे, गा. उद्यापासून दुसरी फाइल मीच बांधतो."

"नको," प्रियदर्शनी म्हणाली. "तुम्ही घाईत न जुळलेलीही जुळली म्हणाल."

"अन् हा?"

"याची चूक सापडली. नियम त्यासाठीच आहे. आणि विचारल्यावर त्यानं खरं सांगितलं. मला दुसरा माणूस असाच हवा."

पंकज पुटपुटत बाहेर गेला. "होऊन राहिलं, होऊन राहिलं," तो फोनवर कोणाला तरी सांगत होता.

अंकुरनं सेटिंग पूर्ववत केली आणि कर्नल नव्यानं बांधला. या वेळी फाइली जुळल्या. प्रियदर्शनीनं कुलूप उघडून किल्ली काढली. अंकुर तिथंच उभा होता.

"एक विचारू काय, मॅडम?"

"विचार."

"फाइली जुळल्या, हे आपल्याले सांगते तर तुमचंच मशीन. त्यातच काही शिरलं असन, तर ते जुळल्या म्हणूनच सांगीन. तुमचं मशीन कोन पाहते?"

तिचे कान तापले. एवढी वर्षं हे तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि तिनं स्वतःलाही नाही. उत्तर ओठांवर आलं होतं, बरंच तिखट. ते तिनं गिळलं. प्रश्न बरोबर होता.

ती खुर्चीवरून उठली. "दोन्ही फाइली तुझ्या मशीनवर घेऊन जा. तिथं जुळव. पण आधी माझ्या सेटिंगा बघ, सगळ्या."

"आत्ता? सर तिकडं..."

"सरांना मी सांगते."

तो तिच्या खुर्चीत बसला, आधी जरा अवघडून, मग स्क्रीनकडे वाकून. किल्ली मुठीत धरून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. त्याच्या बोटांचा आवाज मागे चालू होता. मधेच तो थांबे, आणि तिचा श्वासही थांबे.

तिनं मागे वळून पाहिलं नाही.