उन्हाळ्यात येणाऱ्या मुलांची खुर्ची

मी एक जुनी फिरती खुर्ची आहे. जुनी हे मीच म्हणायचं; दुसऱ्या कुणी म्हटलेलं मला खपत नाही. आणि मित्रांनो, ऐकायचं असेल तर पाठ ताठ ठेवून बसा. पोक काढून बसणाऱ्यांचं मी आजवर फार सोसलं आहे.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथल्या बाकीच्या खुर्च्या गठ्ठ्याने विकल्या गेल्या. मी मात्र वेगळ्या खोक्यातून, भुशात गुंडाळून निघाले. अंगावर अस्सल चामडं होतं, आणि पाठीला अशी कमान होती की बसणाऱ्याला आपोआप अक्कल आल्यासारखं वाटावं. पंखे विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या थोरल्या साहेबांच्या काचेच्या खोलीत मी नांदायला गेले. साहेब जागेवर नसले तरी लोक माझ्याकडे बघून आवाज खाली आणायचे. मान म्हणजे काय ते मी पाहिलेलं आहे.

मग माझ्या पोटातल्या नळीतली हवा जिरायला लागली. सकाळी साहेब ऐटीत उंच बसत आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांची हनुवटी टेबलाला टेके. एकदा पाहुण्यांसमोर मोठमोठ्या गोष्टी करता करता ते असे हळूहळू बुडाले की पाहुण्यांना हसू आवरेना. लगेच माझ्या जागी जाळीच्या पाठीची एक बया आली. अंगावर धड कपडा नाही तिच्या, पण साहेबांना आवडली. त्यावर मी काय बोलणार.

मला ढकलत नेलं ते झेरॉक्स मशीनच्या मागे, खिडकी नसलेल्या कोपऱ्यात. तिथे एक टेबल, एक फोन आणि मी. उन्हाळ्याची सुट्टी लागली की कॉलेजची मुलं कंपनीत शिकायला येतात, इंटर्न म्हणतात त्यांना. ती मुलं आमच्या वाट्याला. एरवी वर्षभर माझ्यावर रिकामी खोकी ठेवतात.

किती मुलं आली आणि गेली. एक जण माझ्यावर बसून नुसता गरगर फिरायचा. पण मला सांगायचं आहे ते त्या एका मुलीबद्दल. ती आली आणि बसण्याआधी तिने मला ओल्या फडक्याने पुसलं. तेव्हाच मी ओळखलं, पोर वळणाची आहे. पायातले बूट थोरल्या बहिणीचे होते, टाचेत सैल. टेबलाखाली ती ते हळूच काढून ठेवायची. बाहेरच्यांना दिसत नसे, मला दिसे.

तिचे बाबा शिंपी. त्यांना आता सुईत दोरा ओवता येत नव्हता, आणि घरात पुढचा कमावता हात हिचाच होता. विभागाच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं की चांगलं काम करणाऱ्याला शिक्षण संपल्यावर इथेच नोकरी देतात. ती दुपारी आईला फोनवर हेच सांगे, आणि सांगताना माझा हात घट्ट धरे.

मॅडमनी काम दिलं ते असं: जे जुने ग्राहक आपल्याला सोडून गेले, त्यांना फोन करायचा, का गेलात ते विचारायचं, आणि त्यांना परत आणायची योजना करून साहेबांपुढे मांडायची. "विभागाचं सगळ्यात महत्त्वाचं काम तुझ्यावर सोपवतेय," मॅडम म्हणाल्या.

ते ऐकलं आणि माझी चाकं जागच्या जागी आखडली. कारण मित्रांनो, हेच काम, ह्याच शब्दांत, मी दर उन्हाळ्यात ऐकत आले होते. नवीन काम शोधून द्यायला कुणाला सवड नव्हती. म्हणून मुलगा बदले, काम तेच. मुलं निघून गेली की त्यांच्या योजना कपाटात जात आणि कपाटाला कुलूप लागे.

मला तिला सावध करायचं होतं. तोंड नाही, म्हणून मी जीव खाऊन कुरकुरले. तिने घरून शिलाई मशीनचं तेल आणून माझ्या सांध्यात घातलं. इतक्या मायेने मला आयुष्यात कुणी गप्प बसवलं नव्हतं.

सगळंच वाईट होतं असं मी म्हणणार नाही. खोटं बोलायची मला सवय नाही. सुरुवातीला फोनवर तिचा आवाज थरथरायचा, लोक फटकन फोन ठेवायचे. मग दुरुस्ती विभागातल्या काकांनी तिला समजावलं की तू काही विकायला निघालेली नाहीस, मग घाबरतेस कशाला, आधी माणसाला बोलू दे. ते तिला जमलं. लोक तिच्याशी तासन्‌तास बोलायला लागले. एका ग्राहकाने तर पंखा सोडून जावयाचीच तक्रार नोंदवली. जेवायला सगळे तिला बोलवायचे, ती करायची त्या ग्राहकांच्या नकलांवर हसायचे. तिची पाठ माझ्या पाठीला टेकली होती ती त्याच दिवसांत.

आणि मग तिने एका आजींना फोन लावला.

आजींनी तिचं सगळं ऐकून घेतलं. आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होता.

"तुमच्याकडून दर उन्हाळ्यात फोन येतो गं. मागच्या खेपेला एक मुलगा होता, फार गोड बोलायचा. त्याच्या आधी एक मुलगी. सगळ्यांना मी एकच सांगते. पंखा घरघरतो, आमचे हे अंथरुणाला खिळलेत, त्यांचा डोळा लागत नाही. तुम्ही लिहून घेता आणि जाता. तुझी सुट्टी कधी संपते?"

मुलीने लिहिणं थांबवून पेन खाली ठेवलं. मला वाटलं, हिचं वजन एकाएकी वाढलं. मी तिच्यासकट खाली गेले. मग ती म्हणाली, "आजी, ह्या वेळी मी माणूस पाठवते. नाहीच आला, तर ह्याच नंबरवर मला फोन करा."

तिला तरी काय माहीत, की फोन टेबलाचा असतो, बसणाऱ्याचा नसतो.

तिने मॅडमना आजींकडे माणूस पाठवायचं विचारलं. मॅडम काही राक्षसीण नव्हत्या. त्या कोपऱ्यात आल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, तुला शिकायला मिळालं ना? मग झालं. आता नीट मांड, बाकी मी वर सांगते." दुरुस्तीचे काका म्हणाले, पंख्याच्या हमीची मुदत संपलेली आहे, वरून सही आल्याशिवाय माणूस पाठवता येत नाही. घरी ती सांगत राहिली की छान चाललं आहे.

योजना मांडायच्या दिवशी सभेच्या खोलीत एक खुर्ची कमी पडली, म्हणून मलाही ढकलत नेलं. पोरीने सगळं झकास मांडलं. साहेब मान डोलावत होते. नोकरी तिच्या हातात आलेली मला दिसत होती. तिथेच थांबली असती तर.

"एवढं सगळं नाही केलं तरी चालेल," ती म्हणाली. "ह्या आजींना आपण दर वर्षी फोन करतो आणि काहीच करत नाही. एक माणूस पाठवा. पुढच्या वर्षी त्यांना कुणी काही विचारू नका."

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम हसून म्हणाल्या की मुलं हळवी असतात. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बोलणाऱ्याचं तोंड इतक्या सभ्यपणे बंद करता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटच्या दिवशी तिला प्रमाणपत्र मिळालं, सगळ्यांबरोबर फोटो निघाला. "कळवतो," असं सांगितलं. कुणी कळवलं नाही. आजींकडेही कुणी गेलं नाही. काकांनी एकदा तिचं नाव काढलं, तर मॅडम म्हणाल्या, हुशार होती, पण आपल्यात बसणारी नव्हती. बसण्यातलं ह्यांना काय कळतं?

मित्रांनो, माझं चामडं फाटलं आहे, आतला स्पंज बाहेर आला आहे. मला शिवा, असं मी म्हणणार नाही. भीक मागायचं मला वळण नाही. पण उद्या तुमच्या हाताखाली कुणी शिकायला येईल. काम नसेल तर नाही म्हणून सांगा, ते मूल दुसरं दार बघेल. खोटं काम खरं म्हणून देऊ नका. पोरं ते खरं समजून करतात, आणि कुणाला तरी शब्द देऊन बसतात.

उन्हाळा सरला; झेरॉक्सच्या मागे आता कुणी येत नाही. टेबलावरचा फोन अधूनमधून वाजतो, बराच वेळ वाजतो. लोक कागद घेऊन शेजारून जातात, आणि म्हणतात, तिथे आता कुणी बसत नाही.