रडणारी पिकअप

त्या रविवारी दुपारनंतर कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टर दोनच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. क्वार्टरांच्या गच्च्यांवर बायका, कुंपणाच्या भिंतीवर पोरं, आणि मधोमध मोकळ्या ठेवलेल्या जागेत एक पांढरी पिकअप. बॉनेटला शेंदूर फासलेला, आरशाला लिंबं बांधलेली, आणि काचेच्या आत मैनाबाईंचा हार घातलेला फोटो. त्या गेल्याला महिना होत आला होता. मैनाबाई या गाडीत येऊन रडतात, असं आता पार जामुल गावापर्यंत बोललं जात होतं.

ते रडणं मीही ऐकलं होतं. आमचं क्वार्टर रामाजींच्या भिंतीला लागून. मैनाबाई त्यांची बायको. मुलगा राजकुमार याच पिकअपमधून हथखोजच्या कारखान्यांतला माल पोचवायचा. संध्याकाळी तो गल्लीत वळला, की आधी आवाज यायचा. खोल, घशातून निघाल्यासारखा, लांबत जाणारा. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

रामाजींच्या सुनेच्या, रश्मीच्या, अंगावर तर त्याहून मोठं काही येत होतं.

मैनाबाईंना साखरेचा आजार होता. अखंड जोत पेटवून मठ चालवणाऱ्या जोतवाल्या बाबाने त्यांच्या गोळ्या बंद केल्या आणि राख कालवलेलं पाणी सुरू केलं. रश्मी भांडली, रडली, शेवटी सासूला एकटीने रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. तोवर उशीर झाला होता. दहाव्याला सगळ्यांच्या देखत ती बोलली, "या बाबाच्या राखेनं माही सासू मेली."

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबा स्वतःहून रामाजींच्या दारात आले. गाडीतलं रडणं ऐकायचं म्हणाले. राजकुमारसोबत फिरून आले, डोळे मिटून बसले, आणि मग जाहीर केलं की माय कोणाचं तरी नाव सांगून राहिली. रविवारी सगळ्यांना दाखवतो.

"बाबा सबूताशिवाय बोलत नाई!" मैदानात बाबांनी हात वर केले. मनगटात गंडे, खिशात दोन मोबाइल. "आत्म्याचं कनेक्शन करंटवानी असते. दुश्मन जवळ आला, का स्पार्किंग होते. माय कावून रडते? जिनं तिले खाल्लं, ते बाजूले बसली का रडते! बसव रे तिले गाडीत. आन् उलटे फेरे घे!"

रश्मीला दोन बायकांनी दंडाला धरून राजकुमारच्या शेजारी बसवलं. तिची चार वर्षांची टीना माझ्या पदराला लटकून ओरडत होती. पिकअप घड्याळाच्या उलट्या दिशेने मैदानात फिरू लागली, वेग वाढला, आणि तो आवाज आला. घूं... घूंऽऽ... बायकांनी तोंडावर हात ठेवले. रामाजी मटकन खाली बसले.

"उतरव तिले! आता सुलटे फेरे, देवाले घालतो तसे!"

रश्मी उतरली. गाडी प्रदक्षिणेच्या दिशेने फिरली. आवाज नाही. इंजिनाची नेहमीची घरघर, बस.

मग गर्दीतून कोणीतरी दबक्या आवाजात तो शब्द उच्चारला. "टोनही." आपल्याकडे चेटकीण म्हणतात, इथे, शेजारच्या राज्यात, टोनही. शब्द एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेला आणि मोठा होत गेला. "बाल काटो इसके!" एका पोराच्या हातात वीट दिसली. हीच माणसं काल रश्मीकडून विरजण मागून नेत होती.

"मारू नका," बाबा मोठ्या दयाळूपणे म्हणाले. "आजच्या आज याच गाडीत बसवून माहेरी, गोंदियाले सोडून या. पोरीले बी घेऊन जा तिच्या. नासलेलं दूध घरात ठेवत नसते."

राजकुमार स्टेअरिंगला धरून खाली बघत राहिला.

मी रश्मीपाशी गेले. ओठ न हलवता ती बोलली, "ताई, मी घरात असतो तवा बी हे रडते. रोज आयकतो ना मी. गल्लीत डावीकडे वळली का रडते."

डावीकडे. आणि उलटे फेरेही डावीकडेच वळत होते.

माझ्या लक्षात आलं, आणि त्याच क्षणी भीतीही वाटली, कारण त्या विटेला माझं डोकंही चाललं असतं. तरी मी पुढे झाले. "बाबा, तुम्ही एका वेळी दोन गोष्टी बदलल्या. रश्मीला उतरवलं आणि गाडीची दिशाही फिरवली. आता रश्मीला बसवून सुलटा फेरा घेऊ."

"आत्म्याची परीक्षा घेतं का, मास्तरीणबाई?" बाबांचा आवाज चढला. "कोप होईन!" गर्दी माझ्याकडे सरकली.

तेव्हा रामाजी उठले. "घेऊ द्या," ते म्हणाले. "बायको माही आहे. रडते का नाई, मले आयकू द्या."

म्हाताऱ्याला अडवायची कोणाची हिंमत झाली नाही. रश्मी बसली. सुलटा फेरा. गाडी गप्प.

"आता तिले उतरव," रामाजी म्हणाले. "मी बसतो. उलटी फिरव."

घूं... घूंऽऽ...

रामाजी खाली उतरले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मंग मीच खाल्लं का तिले?" त्यांनी बाबांना विचारलं.

राजकुमार दार उघडून बाहेर आला. "बाबांनी त्या दिवशी मले चौकाले दोन्हीकून चक्कर मारायले लावले होते," तो हळू म्हणाला. "डोळे मिटून आयकत होते. यायले आधीच मालूम होतं."

मी उजवीकडची चाकं बघायला सांगितली. त्याने जॅक लावून उजवं पुढचं चाक उचललं. वर-खाली धरून हलवलं. चाक पडायला आलेल्या दातासारखं हललं. हाताने फिरवलं, तर आतून तेच रडणं, लहान आवाजात. गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकांवर जातो, हे मी सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. चाकातल्या खराब बेअरिंगवर भार आला की ती ओरडते. उजवीकडे वळली की भार हलका होतो, ती गप्प बसते.

बाबा तोवर आपल्या गाडीकडे निघाले होते. लोकांनी वाट दिली. एक-दोघांनी तेव्हाही वाकून पाय धरले, ते मी विसरू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी राजकुमार, रश्मी, टीना आणि मी गाडी अगदी सावकाश हथखोजला घेऊन गेलो. तिथे बाबुलाल मिस्त्रीने चाक उतरवून मधला हब उघडला. ग्रीस जळून काळं झालेलं, बेअरिंगच्या रोलरांवर खड्डे, कडी तापून निळी पडलेली. "गोंदिया जा रहे थे इसमें?" तो म्हणाला. "हायवे पे चक्का ही निकल जाता." मी रश्मीकडे पाहिलं. तिने टीनाला आणखी जवळ ओढलं. त्या रस्त्यात चाक निखळलं असतं, दोघी मेल्या असत्या, तर लोक म्हणाले असते, बघा, मायनं न्याय केला. आणि बाबांचा मठ दुप्पट झाला असता.

बाबुलालने जुनी कडी ठोकून काढली, नवीन बसवली, नव्या बेअरिंगमध्ये तळहाताने ग्रीस भरलं, नट बेताने आवळला. डाव्या चाकाची बेअरिंगही बदलली. राजकुमारने गाडी डावीकडे, उजवीकडे वळवून पाहिली. काही नाही.

"बस, घरी जाऊ," तो रश्मीला म्हणाला.

ती बसली नाही. "गाडी तर आता गप्प झाली," ती म्हणाली. "काल तुमी कावून गप्प होते?"

ती टीनाला घेऊन बसस्टॉपकडे चालू लागली. माहेरी गेली, पण स्वतःच्या पायांनी. रामाजी तिला आणायला दोनदा जाऊन आले. येईल की नाही, मला ठाऊक नाही.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. टोनही म्हणून बाईला छळणं या राज्यात गुन्हा आहे, पण कायदा पोचेपर्यंत वीट पोचलेली असते. म्हणून आवाज आला तर तो कुठून येतो ते आधी शोधा. चमत्कार दाखवणाऱ्याला म्हणा, एका वेळी एकच गोष्ट बदल आणि पुन्हा दाखव. आणि गर्दी एखाद्या बाईकडे बोट दाखवू लागली, तर त्या वेळी तरी खाली बघू नका.