मालगुजाच्या पायातला पट्टा

शनिवारी संध्याकाळी लेकीची ड्युटी बदलली आणि घरात पंचाईत झाली. दुसऱ्या दिवशी मिठागरांवर पाणपक्ष्यांची वर्षातली मोठी गणती होती. जावई मोजणार आणि लेक वहीत लिहिणार, हे महिनाभर आधीपासून ठरलेलं. मोजणाऱ्याने दुर्बिणीवरून डोळा काढला की थवा हलतो आणि आकडा हुकतो, म्हणून लिहायला दुसरं माणूस लागतंच. पण वॉर्डातली दुसरी नर्स तापाने आडवी झाली होती.

"आई जाईल की," बूट चढवता चढवता लेक म्हणाली आणि दार ओढून निघूनही गेली.

घरात उरले सासूबाई आणि जावई. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण या दोघांचं बोलणं लेकीच्या मार्फत चालायचं. "त्यांना विचार, चहा टाकू का?" "सांग, अर्धा कप." जावई दातांच्या कवळ्या बनवायचा. दिवसभर मेण, प्लास्टर आणि दुसऱ्यांचे दात यांच्याशी गाठ, त्यामुळे बोलायची सवयच राहिली नव्हती. सासूबाईंनी बत्तीस वर्षं स्वतःचं शिवणाचं दुकान चालवलं होतं. समोरचा माणूस गप्प बसला की त्यांना आपलं माप चुकलं असं वाटायचं. शिवाय सुट्टीच्या दिवशी चिखलात जाऊन उभं राहणारा माणूस नेमका कसा समजावा, हेही त्यांना उमगलं नव्हतं.

"किती वाजता निघायचं?" त्यांनी शेवटी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत विचारलं.

"साडेसहाला," जावई त्याच घड्याळाला म्हणाला.

सासूबाई लेकीकडे आल्या होत्या त्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी. ऑपरेशनला दीड महिना झाला होता. थेंब संपले होते, फक्त उन्हात काळा चष्मा लावायचा होता. नवा डोळा त्यांना इतका आवडला होता की त्या खिडकीत बसून समोरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायच्या, खालच्या ओळीतला फोन नंबरसुद्धा. डावा डोळा मिटून उजव्याने, मग उजवा मिटून डाव्याने, असं जग त्या दिवसातून दहा वेळा तपासायच्या. डाव्याने सगळं चहात बुडवल्यासारखं दिसायचं.

मिठागरांच्या बांधावर पोचले तेव्हा ऊन नुकतंच अंगावर येत होतं. एका बाजूला खाडीचा उघडा चिखल, दुसऱ्या बाजूला चौकोनी उथळ तळी. भरती चढू लागली की चिखलावर चरणारे पक्षी उठतात आणि या तळ्यांत विसाव्याला येतात. तेव्हाच मोजायचं, एवढं जावयाने गाडीत सांगितलं होतं. चार वर्षांतलं ते त्याचं सगळ्यांत लांब वाक्य होतं.

बांधावर गणतीचे प्रमुख उभे होते. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. गळ्यात शिट्टी, हातात नकाशा, खिशात चार रंगांची पेनं.

"या बाई कोण? आधी पक्षी पाहिलेत?"

"कावळा पाहिलाय," सासूबाई म्हणाल्या.

मास्तरांनी त्यांना एक वही दिली आणि बजावलं, "फक्त लिहायचं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी सगळंच दुर्मीळ दिसतं."

मास्तर पलीकडच्या बांधावर गेले. जावयाने आपली जुनी दुर्बीण उभी केली. ती एका डोळ्याने बघायची, तीन पायांवर उभी राहणारी; एका पायाला चिकटपट्टीचे वेढे होते. तो बोलू लागला आणि सासूबाई लिहू लागल्या.

"शेकाट्या, चाळीस. लाल पायाची तुतारी, पंचवीस. चिखल्या... चिखल्या तीनशे."

"तीनशे? एवढ्यात मोजलेसुद्धा?"

"दहा मोजायचे. दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात धरायचं आणि तेवढाच तुकडा पुढे पुढे ठेवत जायचा."

"म्हणजे कापडाचा अंदाज," सासूबाई म्हणाल्या. "बाई दुकानात शिरली की मी मनात ठरवायची, हिला अडीच मीटर लागणार. बाई म्हणायची दोन पुरेल. लागायचं अडीचच."

जावयाने दुर्बिणीवरून डोळा काढला नाही, पण त्याचे खांदे हलले. हसला असावा.

मग साधी दुर्बीण त्यांच्याही गळ्यात आली. सवयीने त्यांनी आधी उजवा डोळा मिटून डाव्याने पाहिलं, सगळं धुकट दिसलं. मग डावा मिटून उजव्याने पाहिलं. पाण्यावर हजार पक्षी होते आणि प्रत्येकाची कड वेगळी, कात्रीने कापून ठेवल्यासारखी.

"तो उंच, लाल काटक्यांवर चालणारा?"

"शेकाट्या."

"पॅन्ट आखूड झालीय त्याची. आणि तो शेपूट वरखाली करतोय, नाडी सैल झाल्यासारखा?"

"ठिपकेवाली तुतारी." जावई आता उघड हसला. "पण बरोबर आहे. पुस्तकात रंग बघतात लोक. ऊन समोरून आलं की रंग फसवतो. चाल फसवत नाही."

"अहो, माझं सगळं आयुष्य चालीवर गेलं. एक खांदा उतरलेला माणूस दारातून आला की मी टेप काढायच्या आधी ओळखायची. तुम्ही कशावरून ओळखता?"

तो जरा लाजला. "चोचीवरून. कवळीसाठी दाताचा रंग जुळवायचा असतो ना, सोळा छटांचं कार्ड असतं आमच्याकडे. तसं डोक्यात बसलंय. मालगुजाची चोच बुडाशी गुलाबी, टोकाला काळी. लांब आणि सरळ. ते बघा आई, समोर बसलेत ते सगळे मालगुजे."

'आई' हा शब्द तो पहिल्यांदाच म्हणाला होता. आजवर तो 'जरा' किंवा 'ऐका ना' एवढ्यावरच भागवायचा. सासूबाईंना ते कळलं. त्यांनी वहीत लिहिलं: मालगुजा, आणि पुढे जागा सोडली.

दोनशे-सव्वादोनशे मालगुजे पोटापर्यंत पाण्यात उभे होते, चोची पाठीत खुपसून. भरती पूर्ण चढली होती. कडेचे काही उथळ पाण्यात आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "त्या एकाच्या पायाला लेबल राहिलंय."

"काय राहिलंय?"

"लेबल. नारिंगी. नव्या कपड्याला असतं तसं. डावीकडून सातवा."

जावयाने मोठी दुर्बीण तिकडे वळवली. "पट्टा आहे! आई, कुणीतरी कुठेतरी पकडून पायात पट्टा घातलाय. त्यावर अक्षरं असतात. ती वाचता आली तर हा कुठून आलाय ते कळतं."

"मग वाचा."

"वाचतो ना, जरा..."

तेवढ्यात त्या मालगुजाने तोच पाय उचलला, पोटाखालच्या पिसांत गुडूप केला आणि एका पायावर झोपून गेला.

त्यानंतर पाऊण तास दोघे त्या झोपलेल्या पक्ष्याकडे बघत उभे होते. जावयाने फोनवर फोटो काढून ठेवायची तयारी करून पाहिली, पण दुर्बिणीतून काढलेल्या फोटोत मालगुजासुद्धा मातीच्या ढेकळासारखा यायचा. डब्यातले ब्रेड आणि उकडलेली अंडी दोघांनी आळीपाळीने खाल्ली, म्हणजे एकाचा डोळा कायम दुर्बिणीवर. मास्तरांना फोन गेला. ते लगबगीने आले, पाहून म्हणाले, "मला तर काहीच दिसत नाही. प्लास्टिकचा तुकडा अडकला असेल."

"प्लास्टिकला शिवण नसते," सासूबाई म्हणाल्या. "त्याची कड सरळ दुमडलेली होती."

ओहोटी लागली. पक्ष्यांना ते माणसांच्या आधी कळतं. थव्याच्या एका टोकाला खळबळ झाली, चोची पाठीतून बाहेर आल्या. आता दोन-चार मिनिटांत सगळे उठून खाडीवर जाणार होते. आणि त्या मालगुजाने आळोखेपिळोखे देत पाय खाली सोडला.

जावई दुर्बिणीला चिकटला. घामाने त्याच्या चष्म्यावर वाफ धरली. त्याने चष्मा काढला, तर सगळंच धूसर दिसू लागलं. "एन... एन आहे पहिलं. पुढचं... छे!" मास्तरांनी डोळा लावला. "एन, चार, आणि शेवटी एक्स. एक्सच आहे. लिहा."

"मला बघू द्या," सासूबाई म्हणाल्या.

"अहो बाई, वेळ नाही—"

"मास्तर, त्यांना बघू द्या," जावई म्हणाला. तो एवढ्या जोरात बोलला की जवळचा एक बगळा उडाला. मास्तर बाजूला झाले.

सासूबाईंनी काळा चष्मा कपाळावर सारला आणि उजवा डोळा लावला. त्यांचं इंग्रजी मापांपुरतंच होतं, म्हणून अक्षर वाचायच्या भानगडीत त्या पडल्याच नाहीत. वही वाकवलेल्या हातावर धरून, डोळा न हलवता त्यांनी आकार काढले, जसे कागदावर बाहीचे आकार काढायच्या तसे. तिसरा आकार पुरा होतो न होतो तोच चारशे पंखांचा एकदम आवाज झाला. पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची एक लाट डोक्यावरून खाडीकडे गेली.

तिघांनी वहीत डोकावून पाहिलं. एन. चार. आणि के.

"एक्स," मास्तर म्हणाले.

"एक्स म्हणजे फुली. फुलीत दोन्ही रेघा तिरक्या असतात. हिची डावीकडची रेघ ओळंब्यात उभी आहे. मी उभी रेघ चुकत नाही. चुकले असते तर गावातल्या निम्म्या लोकांची पॅन्ट वाकडी चालली असती."

मास्तरांनी दोन्ही लिहिलं. एक्सपुढे 'प्रमुखांचे निरीक्षण' आणि के पुढे 'लेखनिक'. सासूबाईंना त्याचा राग आला, पण परतताना गाडीत त्या पूर्ण वेळ बोलत होत्या आणि जावईसुद्धा. सिग्नल हिरवा झाला तरी दोघांना कळलं नाही, मागून तीन गाड्यांचे हॉर्न वाजले.

संध्याकाळी जावयाने पट्ट्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला मेल पाठवला. सासूबाईंच्या परतीचं तिकीट बुधवारचं होतं. मंगळवारी त्या म्हणाल्या, डावा डोळाही याच डॉक्टरांना दाखवून टाकावा म्हणते. लेकीने आईच्या कपाळाला हात लावून पाहिला. दुसऱ्या ऑपरेशनचं नाव काढलं तरी उठून जाणारी बाई ही!

उत्तर नवव्या दिवशी आलं. जावई कामावरून धावत घरी आला, बोटांना प्लास्टर तसंच. स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच त्याने वाचून दाखवलं, एकेक ओळ आपल्या भाषेत करून.

एन-चार-एक्स नावाचा पट्टा आजवर कुणाला घातलेलाच नव्हता. एन-चार-के होता. नऊ वर्षांपूर्वी, उत्तरेकडे, हजारो किलोमीटरवरच्या एका थंड दलदलीत, घरट्याजवळ घातलेला. ती मादी होती. पहिली काही वर्षं ती दर उन्हाळ्यात त्याच गवतात परत यायची. गेल्या चार वर्षांत कुणालाच दिसली नव्हती. यादीत तिच्या नावापुढे 'बहुधा मृत' असं लिहिलं होतं. पट्टा घालणाऱ्या बाईंनी शेवटी लिहिलं होतं, की तुमचा मेल वाचून मी ऑफिसात ओरडले आणि सगळ्यांना केक आणला. अक्षर इतकं नीट वाचणारी व्यक्ती कोण, तिला माझे आभार सांगा.

"बाई आहे ती," सासूबाई म्हणाल्या.

"कोण?"

"मालगुजा. बाई आहे, आणि जिवंत आहे!" त्या खुर्चीवर बसल्या, परत उठल्या. "आणि पट्टा घालणारी पण बाईच. मास्तरांना कळवलंत?"

"कळवलं. ते म्हणाले, पुढच्या गणतीला त्यांना माझ्या बांधावर द्या."

"द्या म्हणजे? मी काय खडूची पेटी आहे? सांगा, मी तुमच्या बांधावर आहे." मग जरा थांबून, "पण त्यांना चहा पाजू एकदा. आपल्या एक्ससोबत माझंही अक्षर लिहून ठेवायची हिंमत होती माणसात."

रात्रीची ड्युटी नव्हती म्हणून लेक सातलाच घरी आली. जेवणाचा पत्ता नव्हता. टेबलावर कणकेच्या परातीऐवजी लॅपटॉप आणि त्यापुढे नवरा आणि आई, खुर्च्या चिकटवून.

"अहो, 'आदरणीय' नको. तिने केक आणलाय, ती आदरणीयने खूश होणार नाही," आई म्हणत होती.

"मग 'प्रिय बाई' लिहू?"

"लिहा. आणि पुढे विचारा, एवढ्या लांब येताना ती वाटेत कुठे उतरते का. आणि पिल्लं किती झाली. आणि अक्षरं अजून थोडी मोठी काढता येतील का पट्ट्यावर, सगळ्यांचे डोळे नवे नसतात."

"हे शेवटचं लिहू?"

"लिहा हो, आधी ते लिहा."

"मला भूक लागलीय," लेक दारातून म्हणाली.

"ब्रेड आहे," दोघे एकदम म्हणाले, मान वर न करता, आणि जावयाची प्लास्टरने पांढरी झालेली बोटं पुन्हा कळांवर चालू लागली.